मैदानाला रोटर मारला तेव्हा

ज्या आठवड्यात आमच्या पोरींचा चेंडू घेऊन सराव सुरू व्हायचा होता, त्याच आठवड्यात आमचं मैदान पेरणीला तयार झालं. थट्टा नाही, खरोखर पेरणीला. मी सकाळच्या पहिल्या एसटीनं उतरले, शाळेच्या फाटकातून आत गेले, आणि समोर काय तर ढेकूळ न् ढेकूळ फोडलेली, भुसभुशीत, आत्ता कांद्याची रोपं लावावीत अशी जमीन. या टोकाला गोलपोस्ट, त्या टोकाला गोलपोस्ट, आणि मध्ये रान. कडेला ट्रॅक्टर उभा होता आणि ट्रॅक्टरला टेकून रामदासआप्पा उभे होते. चेहऱ्यावर समाधान असं, की जणू मुलीचं लग्न पार पाडून आलेत.

"बघा मॅडम," ते म्हणाले, "पहाटंपासून लागलोय. आधी नांगरट केली, वर रोटर मारला. आता पडू द्या पोरींना किती पडायचंय ते. खरचटायचंसुद्धा न्हाई."

गळ्यात शिट्टी होती, ती वाजवावी की त्यांना फेकून मारावी, एवढाच विचार डोक्यात होता.

मी क्रीडाशिक्षिका. आता निवृत्त झाले, शिरूरला राहते, गुडघे दुखतात, आणि टीव्हीवर फुटबॉल लागला की अजून सोफ्यावरून ओरडते. नोकरी सगळी शिरूर तालुक्यात गेली. शेवटची शाळा न्हावऱ्याच्या पुढं, चौफुल्याच्या रस्त्यालगतच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. ओळखायचे ते ओळखतील आणि फोन करून भांडतीलही. मूळची मी कबड्डीवाली. फुटबॉल शिकवायला कुणीतरी पाहिजे होतं म्हणून माझ्या गळ्यात पडला, आणि मग त्याचं असं वेड लागलं की घरचे म्हणायला लागले, हिच्या ताटात पोळीऐवजी चेंडू वाढा.

लोकांना वाटतं, पी.टी.च्या बाईंना काम काय? शिट्टी मारायची, रांग सरळ करायची, पंधरा ऑगस्टला झेंड्याच्या दोरीची गाठ सोडायची. अहो, हंगाम सुरू होताना एकदा या म्हणावं. जूनमध्ये शाळा उघडते, ऑगस्टात सामने लागतात. मधल्या दिवसांत संघ उभा करायचा. तोही कुठून, तर ज्या पोरी सकाळी गोठा उरकून, डोक्याला चपचपीत तेल लावून, सायकल हाणत शाळेत येतात त्यांच्यातून.

जोरात पळणारी पोरगी शोधायला मी शर्यत लावत नसे. शर्यतीत पोरी लाजतात, एकमेकींसाठी थांबतात. मी डबा खायच्या सुट्टीत नळाशी उभी राहायचे. पहिली कोण पोचते, कोणाला ढकलून पोचते आणि ढकलल्यावर वर भांडते कोण, ते बघायचं. तिथं माझी अर्धी फळी ठरायची. गोलकीपर कोमल मला अशीच सापडली, पण नळावर नाही, तिच्या वडिलांच्या शेतात. कलिंगडं भरताना माणसं साखळी करतात, एकानं फेकायचं, दुसऱ्यानं झेलायचं. कोमल ट्रॉलीवर उभी राहून झेलत होती. कलिंगड सुटलं की फुटतं आणि बापाचा आवाज चढतो, त्यामुळं ती काहीच सोडत नव्हती. मी रस्त्यावरूनच ओरडले, "ए पोरी, उद्या बूट घेऊन ये!" ती म्हणाली, "बूट न्हाईत मॅडम, चपला हायेत." म्हटलं, चपला तर चपला.

सुरुवातीला मी चेंडू पेटीतून काढतच नसे. पोरी रुसायच्या. पण पळता सगळ्यांना येतं, पळता पळता थांबता येत नाही, आणि गुडघा जातो तो थांबताना. म्हणून आधी थांबायला शिकवायचं, वळायला शिकवायचं, पडायला शिकवायचं. आणि याच पडण्यावरून पुढचं सगळं रामायण घडलं.

आमच्या गटात मुलींचे संघ दोनच होते, आमचा आणि दौंडच्या एका शाळेचा. दौंड रेल्वेचं गाव, तिथं फुटबॉल जुना. तिथली पोरं चालायला लागतात तीच लाथ मारत. आदल्या वर्षी सामना दौंडला होता आणि आमच्या पोरी गेल्याच नाहीत. पालकांनी पाठवल्या नाहीत. खेळायच्या आधीच आम्ही हरलो. हेडसरांनी मला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण वरून विचारणा झाली की त्यांना घाम फुटायचा. म्हणाले, "मॅडम, एकदा झालं ते झालं. या वर्षीही संघ मैदानात उतरला नाही तर फुटबॉल बंद. कबड्डी घ्या. ती तुम्हाला येते आणि ती गावातल्या गावात होते."

म्हणजे प्रश्न जिंकण्याचा नव्हताच. पोरी मैदानात उतरतात की नाही, एवढाच होता. आणि तो ठरणार होता रामदासआप्पांच्या ओसरीवर.

रामदासआप्पा म्हणजे आमच्या कॅप्टनचे, अश्विनीचे वडील. बागायतदार, सोसायटीवर निवडून आलेले, गावात शब्दाला वजन. माझ्या अकरा जणींपैकी पाच त्यांच्या भावकीतल्या. फुटबॉलचा नियम असा की निदान सात जणी असल्याशिवाय सामना सुरूच होत नाही. आप्पा नाही म्हणाले की पाच जातात, उरतात सहा. हे गणित मी एसटीत बसून रोज करायचे आणि रोज तेच उत्तर यायचं.

त्या वर्षी नियम जरा बदलला होता. एकाऐवजी दोन सामने. पहिला आमच्याकडं, दुसरा दौंडला, दोन्हींचे गोल मिळून निकाल. पालकसभेत मी फक्त पहिल्या सामन्याचं सांगितलं. दुसऱ्याचं सांगितलं नाही. खोटं बोलले नाही, गप्प बसले. म्हटलं, आधी यांना आपल्या पोरी खेळताना डोळ्यांनी बघू दे, मग पुढचं पुढं.

आप्पा सभेत उभे राहिले. "मॅडम, गावात खेळू द्या, आमची ना न्हाई. पण शीव वलांडायची न्हाई. हाफ चड्डीत पोरी गावोगाव न्यायच्या म्हंजी लोकं नावं ठेवत्याल. आन् दुसरं, अश्विनीचा गुडघा बघा. सोलपाटून आलीय. तिची आई रोज हळद लावतीय."

मी म्हटलं, "आप्पा, मैदान डांबरी रस्त्यासारखं कडक आहे, त्याला मी काय करू? जरा मऊ असतं तर एवढं लागलं नसतं."

"एवढंच ना?" आप्पा म्हणाले आणि खाली बसले. त्या 'एवढंच ना'चा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

तर अशी ती सकाळ. हेडसर आले, त्यांनी मैदान बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "मॅडम, यात आता काय घ्यायचं? सोयाबीन?" असं म्हणून आत निघून गेले. अश्विनी आली आणि बापाकडं बघून रडायलाच लागली. "आप्पा, ह्येच्यात चेंडू उडतो तरी का? रुतून बसंल की!" मी चेंडू काढला आणि हातभर उंचीवरून सोडला. तो धप्पकन पडला आणि पडल्या जागी राहिला. आप्पांचा चेहरा पडला. तोवर त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी उपकार केलेत. शेतकऱ्याला मऊ जमीन म्हणजे चांगली जमीन, त्याच्या लेखी दुसरी व्याख्या नाही.

मग त्यांचे उपाय सुरू झाले. ट्रॅक्टर फिरवतो म्हणाले. फिरवला, तर टायरच्या नक्षीचे चर पडले. पंचायतीकडं रोलर होता, तो रस्त्याच्या कामावर गेलेला. कुणाच्या तरी ओळखीनं एक छोटा रोलर आणला, तो मऊ मातीत असा रुतला की त्याला ओढायला तोच ट्रॅक्टर लावावा लागला. पोरी कडेच्या पिंपळाखाली बसून बघत होत्या. सामना तोंडावर आलेला आणि माझा संघ बघ्यांचा झालेला. मी आप्पांना म्हटलं, "तुम्ही आता काही करू नका. हात जोडते. काही करू नका."

त्या गर्दीत बबनआबा होते. आप्पांचे चुलते, सगळं आयुष्य रानात गेलेलं, पाठीत वाकलेले. गावातली शेवटची बैलजोडी त्यांचीच. ते काठीनं माती उकरून बघत होते. म्हणाले, "रामदास, येड्या, हे खळं हाय असं समज. खळं कसं करत्यात इसरला व्हय?"

आजच्या पोरांना खळं माहीत नसेल. मळणीयंत्र यायच्या आधी धान्य मळायला शेतात एक गोल जागा तयार करायचे. जमीन भिजवायची, वापसा आला, म्हणजे पाय रुतणार नाही इतपत ओल उरली, की बैल फिरवायचे, बैलांमागं माणसं तुडवायची, वर भुसकट टाकायचं म्हणजे भेगा जात नाहीत, परत पाणी, परत तुडवणी, शेवटी शेणानं सारवण. अशी जमीन बसते की दाणा मातीत जात नाही. पण खळं असतं घराएवढं. फुटबॉलचं मैदान केवढं! मी आबांना तेच म्हटलं.

"मग पट्टं पाडा," आबा म्हणाले. "येका येका पट्ट्याला येक येक घर. आन् बायका बोलवा. गडी नगं. गडी येका जागी हुबं ऱ्हाऊन तंबाखू मळत बसत्यात. तुडवायला बाईच पायजे."

आमच्याकडं पाऊस तोंड दाखवतो आणि जातो, त्यामुळं मध्ये उघडीप मिळाली. खुरपण्या आटोपल्या होत्या, बायका थोड्या मोकळ्या होत्या. पाणी आप्पांच्या विहिरीचं. ते त्यांनी न मागता दिलं, मान खाली घालून. पाइप टाकून मैदान भिजवलं. आणि मग पोरींच्या आया आल्या. ज्या बायका शाळेच्या फाटकातून कधी आत आल्या नव्हत्या, पोरीला खेळू देऊ की नको हे ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्या पदर खोचून मैदानात उतरल्या. पुढं आबांचे बैल, मागं हातात हात घालून बायकांची रांग, त्यांच्या मागं माझ्या पोरी. मी शिट्टी वाजवून दिशा देत होते. मला वाटलं होतं कंटाळून जातील. छे! एकमेकींच्या सासवा, जावा, नणंदा सगळ्या त्या मातीत तुडवून झाल्या. एवढं मोकळं हसलेल्या बायका मी त्या गावात कधी बघितल्या नव्हत्या.

अश्विनीची आई, मंदावहिनी, त्यांच्यात सगळ्यात अबोल. आप्पा बोलले की ती पदर सावरायची, बस. एकदा चहाची सुट्टी झाली तेव्हा पोरींचा चेंडू घरंगळत तिच्या पायाशी आला. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि चिखलानं भरलेल्या अनवाणी पायानं अशी लाथ हाणली, की कोमलच्या हातांखालून चेंडू सरळ गोलात. सगळ्या ओरडल्या. मंदावहिनी हसली, आणि लगेच आप्पा कुठं दिसतात का ते बघितलं. आप्पा विहिरीवर मोटारीपाशी होते. मी म्हटलं, "वहिनी, तुमचं नाव घालते संघात." ती म्हणाली, "घाला की. पर वय लपवावं लागंल."

तेवढे दिवस माझा सराव असाच झाला. पोरी तुडवायच्या, दमायच्या, मग शाळेमागच्या शेडमध्ये मी त्यांना वळणं शिकवायचे. शेवटी दोन्ही गोलांपुढची जागा बायकांनी शेणानं सारवून दिली. मी नको नको म्हणत होते. "मॅडम, त्याबिगर खळं पुरं व्हत न्हाई," म्हणाल्या. कोमलला तिथंच लोळण घ्यायची होती. तिनं नाक मुरडलं नाही, तिचं गोठ्यातच आयुष्य चाललेलं. पण सामन्याच्या दिवशी दौंडचे डिसोझा सर मैदान बघायला आले, गोलपाशी वाकले, आणि हळूच म्हणाले, "मॅडम, ये कौनसा टर्फ है?" मी म्हटलं, "खास आमच्याकडचं आहे सर, आयात करत नाही."

मैदान मात्र असं झालं होतं, की पाय रुतत नव्हता आणि पडलं तर सोलत नव्हतं. नोकरीत मी पुष्कळ मैदानं बघितली, तसं पुन्हा बघितलं नाही.

सामन्याला अख्खा गाव लोटला. आया आपापल्या पट्ट्यासमोर उभ्या. "माझ्या पट्ट्यात पडली बघ, काय लागलं न्हाई!" असं एक ओरडली की दुसरी, "माझ्या पट्ट्यातनं चेंडू कसा पळतोय बघ की!" दौंडच्या पोरी सफाईदार, जवळ जवळ पास देत यायच्या. त्यांनी आधी गोल केला. मग आमच्या अश्विनीनं एकीला चुकवलं, दुसरीला खांद्यानं रेटलं आणि गोल मारला. एक-एक. बरोबरीत सुटला. आप्पा टाळ्या वाजवत होते, शेजारच्याला सांगत होते, "मैदान म्या केलंय." बबनआबांनी काठी आपटली.

आणि त्याच आनंदात डिसोझा सर सगळ्यांदेखत मला म्हणाले, "चलो मॅडम, अब अगले हफ्ते दौंड में मिलेंगे." आप्पांच्या टाळ्या थांबल्या.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. मंदावहिनीनं चहा ठेवला आणि दारामागं उभी राहिली. आप्पा शांत होते. ते ओरडतात तेव्हा बरं असतं, शांत असले की अवघड.

"मॅडम, तुम्ही सांगितलं न्हाई."

"नाही सांगितलं. सांगितलं असतं तर पहिला सामना तरी होऊ दिला असता का तुम्ही?"

"गावात खेळली, मी कौतुक केलं. सगळ्यांनी बघितलं. पर शीवेपल्याड न्हाई. माझी पोरगी न्हाई, भावकीतल्याबी न्हाईत. तुम्ही शिरूरात ऱ्हाता, तुम्हाला न्हाई कळायचं. इथं येक माणूस काय बोलला की वरीसभर फिरतं."

"आप्पा, दौंड काही विलायतेला नाही. तासाभराची वाट. मी बरोबर आहे."

"न्हाई म्हंजी न्हाई."

मी चिडले. त्यांचा मान वगैरे विसरले. म्हटलं, "तुमच्या रोटरनं मैदान गेलं ते परत आणता आलं. आता तुम्ही हा संघ मोडाल तो नाही परत येणार. हेडसर बंद करतील, आणि तुमची पोरगी नळावरच पळत राहील." अश्विनी आतल्या खोलीत होती, तिचं मुसमुसणं बाहेर ऐकू येत होतं. आप्पा उठून गोठ्याकडं गेले. मी चहा तसाच ठेवून निघाले. आजही मला तो राग आठवला की कानशिलं तापतात.

सामन्याच्या सकाळी मी जीप सांगितली होती. फाटकाशी उभी राहिले. कोमल आली, मग एकेक करत सहा जणी झाल्या. सहा. मी ड्रायव्हरला म्हटलं, जरा थांब. हेडसर खिडकीतून बघत होते. कोमल म्हणाली, "मॅडम, सहा जणींत खेळायला देत न्हाईत का? मी दोघींचं खेळते की." मी पुन्हा एकदा सगळ्या मोजल्या.

तेवढ्यात वळणावरून मंदावहिनी येताना दिसली. मागं अश्विनी, तिच्या मागं भावकीतल्या चौघी, सगळ्या संघाच्या निळ्या टी-शर्टमध्ये. मंदावहिनीनं नवं लुगडं नेसलं होतं, लग्नाला निघावं तसं.

मी धावत गेले. "वहिनी, आप्पांना विचारलं का?"

"त्यांनी मैदान नांगरताना मला इचारलं व्हतं का?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, रोजचाच होता. "निस्तरलं कुणी? आम्ही. पाच दीस तुडवलं. मग आता पोरी कुठं खेळत्याल ते आम्हीबी ठरवू की जरा. चला, मीबी येते. ह्या चौघींच्या आयांनी मला सांगून पाठवलंय."

ती पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. मी मागं पोरींत कोंबून बसले. अकरा जणी, चेंडूंची जाळी, पाण्याचा कॅन. गाव मागं पडलं. पोरी वळून वळून मागच्या वाटेकडं बघत होत्या.

चौफुल्याच्या रस्त्याला लागलो आणि मागून मोटरसायकलचा आवाज आला. आप्पा. आम्हाला मागं टाकून पुढं गेले आणि गाडी आडवी लावली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

"अश्विनी, उतर खाली."

अश्विनी उतरली. रस्त्यावर उभी राहिली, मान खाली. मग पुढचं दार उघडलं आणि मंदावहिनी उतरली. लेकीशेजारी जाऊन उभी राहिली. मग कोमल उतरली, तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग दुसरी, तिसरी. बघता बघता माझा सगळा संघ रस्त्यावर उतरला आणि अश्विनीच्या मागं ओळीनं उभा राहिला. मीही उतरले. मी म्हटलं, "आप्पा, एक उतरली तर सगळ्या उतरतील. एकीला सोडून आम्ही जात नसतो."

आप्पा म्हणाले, "मॅडम, तमाशा नगं."

पण तमाशा व्हायचा तो झालाच होता. मागं दुधाचा टँकर थांबला आणि हॉर्न मारायला लागला. त्याच्यामागं कांद्याचा टेम्पो. समोरून एसटी आली, तिलाही जागा मिळेना. एसटीच्या खिडक्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कंडक्टर खाली उतरला. "काय झालं? ॲक्सिडेंट हाय का?"

तेवढ्यात एसटीतून एक पागोटेवाला म्हातारा ओरडला. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातली ओळख असावी. "आरं रामदास आप्पा का? ह्या कापडातल्या पोरी कुणाच्या? आन् कुठं निघाल्यात सकाळच्या पारी?"

हाच प्रश्न. ज्या प्रश्नाला भिऊन आप्पांनी दोन वर्षं पोरीला शीव ओलांडू दिली नव्हती, तोच भर रस्त्यात, सगळ्या एसटीसमोर आला. मी आप्पांकडं बघत होते. त्यांनी एकदा म्हाताऱ्याकडं बघितलं, एकदा बायकोकडं, आणि मग त्या अकरा जणींच्या ओळीकडं.

"माझ्या हायेत," आप्पा म्हणाले. मग जरा मोठ्यानं, एसटीच्या शेवटच्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल असं. "माझी पोरगी कॅप्टन हाय फुटबॉलची. दौंडाला मॅच हाय त्यांची."

"आसं व्हय!" म्हातारा म्हणाला. "मग रस्ता कशाला आडवलाय?"

आप्पांनी मोटरसायकल बाजूला घेतली. आमच्याकडं न बघताच म्हणाले, "बसा गं, बसा. उशीर हुईल." मंदावहिनी पुन्हा पुढं जाऊन बसली. तिनं डोळे पुसले ते मला आरशात दिसले. एसटी निघाली तेव्हा खिडकीतल्या दोन बायकांनी पोरींना हात केला. आणि मग जीपमध्ये जो गोंधळ सुरू झाला, तो भीमेच्या पुलावरही थांबला नाही. आप्पा मोटरसायकलवर मागं मागं होते.

दौंडला आम्ही हरलो. दोन-शून्य. दोन्ही गोल कॉर्नरवरून, डोक्यानं मारलेले. आमच्या पोरी जीव तोडून खेळल्या, पण चेंडू उंच आला की मान आपोआप खाली जायची. अश्विनी शेवटच्या शिट्टीपर्यंत पळाली आणि शिट्टी झाल्यावर मैदानातच बसली. आप्पा लांब कुंपणाशी उभे होते. सगळा सामनाभर पंचाला काय काय बोलत होते, डिसोझा सर हसून माझ्याकडं बघत होते. संपल्यावर आप्पा लेकीजवळ आले, तिला उठवलं, तिचा गुडघा बघितला. माझ्याशी एक शब्द नाही.

हेडसरांनी फुटबॉल बंद केला नाही. संघ मैदानात उतरला होता, त्यांच्यापुरतं तेवढं पुष्कळ होतं. पण आप्पा माझ्याशी बोलेनात. रस्त्यात दिसले तर मान फिरवायचे. मला वाटलं, भर रस्त्यात मान खाली घालायला लावली, बायकोपुढं हरवलं, हा माणूस आता जन्मभर धरून ठेवणार. मला वाईटही वाटलं. मंदावहिनीला विचारलं तर ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. म्हणाली, "त्यांनाच इचारा."

एके सकाळी मी मैदानावर होते. पोरी नव्हत्या अजून आल्या. आप्पा फाटकातून आत आले आणि गोलपोस्टला हात लावून उभे राहिले. मी मनातून तयारी केली.

"मॅडम," ते म्हणाले, "जिकून आणायचं नव्हतं तर नेल्या कशाला?"

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही एवढे दिवस त्याच्यासाठी..."

"मग कशापायी? सगळ्या एसटीला सांगून बसलो, माझी पोरगी कॅप्टन हाय. दुसऱ्या दिवशी बाजारात त्यो म्हातारा इचारतोय, आप्पा, निकाल काय? काय सांगू त्याला? दौंडच्या पोरी डोक्यानं मारत्यात, आपल्या का मारत न्हाईत?"

मी म्हटलं, "चेंडू डोक्यावर आला की भितात. आणि एवढं तेल असतं डोक्याला, लागला तरी निसटतो."

"मग तेल बंद करा. मी हिच्या आईला सांगतो." आप्पा दोन पावलं गेले आणि पुन्हा वळले. "पुढल्या साली पहिली मॅच कुठं हाय?"

"ठरलेलं नाही अजून. इथं मागून घेऊ की. मैदान आहे आपलं."

"इथं नगं," रामदासआप्पा म्हणाले. "घरच्या मैदानावर काय, कुणीबी जिकतंय. तिकडंच घ्या. जीप मी सांगतो."